अडत एकाच बाजूची

ताई,
मी कोल्हापूरची, वय २७. शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम. ए. केलं, सध्या राजारामपुरीत एका क्लासमध्ये शिकवते. बाबांची मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. शाळेत मला ज्यांनी शिकवलं ते सर आता निवृत्त होऊन गारगोटीला असतात. त्यांच्या मराठी कादंबरीची तीन प्रकरणं मी गेल्या वर्षी इंग्रजीत केली आणि दिल्लीच्या एका प्रकाशकाला पाठवली. चार महिन्यांनी उत्तर आलं की आवडलंय, पुढचं वाचायचंय, पण अनुवादाचे हक्क कुणाकडे आहेत? कादंबरी २००९ साली इकडच्याच एका लहान प्रकाशकानं काढली होती. ते म्हणतात, सगळे हक्क आमचे. सर म्हणतात, मला काही आठवत नाही, तूच बघ. मध्येच मुंबईहून एका वेब सीरिजवाल्यांचा फोन आला. पंचवीस हजारांत राइट्स द्या म्हणाले, आणि जमवून दिलंस तर तुला पाच हजार वेगळे.
या सगळ्या धावपळीत मला वाटायला लागलंय की आयुष्यभर हेच करावं, लिटररी एजंट व्हावं. बाबा म्हणतात, "पुस्तकाची दलाली करणार व्हय? मग गुळाची काय वाईट हाय?" कोल्हापुरात बसून हे होतं का? पोट भरतं का? आणि सरांकडे कमिशन मागायचं कोणत्या तोंडानं? त्यांनी मला दहावीला फुकट शिकवलंय.
– अडत्याची लेक

अगं लेकी,

आधी त्या पाच हजारांचं बोलू. तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि तू ती जाता जाता लिहून गेलीस. ते पैसे घ्यायचे नाहीत. मुंबईच्या माणसाला आजच तसं लेखी कळव आणि तो मेसेज सरांना दाखव. घेणाऱ्यानं विकणाऱ्याच्या माणसाचा खिसा गरम केला की भाव कुणीकडं झुकतो, हे यार्डात वाढलेल्या पोरीला मी काय सांगू? शिवाय जो तुला पाच द्यायला तयार आहे, त्याच्या डोक्यात किंमत तीसच्या पुढचीच आहे. मग ते वरचे पाच सरांना का मिळू नयेत?

आता बाबा. त्यांनी 'दलाली' म्हटलं म्हणून तुला लागलेलं दिसतंय. पण त्यांचं अख्खं घर त्या शब्दावर उभं आहे, ते तो शिवी म्हणून कशाला वापरतील? त्यांचा प्रश्न साधा आहे, की पोरगी धंदा बदलतेय, तर त्यात दम आहे का. लंडनमध्ये १८७० च्या दशकाच्या शेवटाला ए. पी. वॉट नावाच्या गृहस्थानं हा धंदा रूढ केला, तेव्हा तिथंही हीच कुजबुज झाली होती. वॉट लेखकाच्या वतीनं प्रकाशकाशी बोलायचा आणि येईल त्या पैशातून दहा टक्के घ्यायचा. किपलिंग, टॉमस हार्डी, कॉनन डॉयल असे लोक त्याच्याकडे होते. विल्यम हाइनमनसारखे प्रकाशक एजंट या जमातीवर दात खाऊन असत. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा! तोवर लेखक एकटा यायचा, पैशाचं बोलायला लाजायचा आणि हातावर पडेल ते घेऊन जायचा. आता त्याच्या शेजारच्या खुर्चीत हिशेब कळणारा माणूस बसायला लागला. वॉटचे दहा टक्के आज बहुतेक ठिकाणी पंधरा झालेत. परदेशात किंवा दुसऱ्या भाषेत तिथल्या स्थानिक एजंटमार्फत विकलं तर वीस, कारण तो त्यातला वाटा घेतो.

काम काय असतं हे तुला समजवायला मला यार्डाच्या बाहेर जायची गरज नाही. शेतकरी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, आणून उतरवतो, अडत्या ते मांडतो, व्यापारी बोलावतो, सौदा काढतो, वजन करतो, हिशेबाची पट्टी लिहितो, पैसे पोचवतो. अडीनडीला उचलही देतो. एजंटचं काम जवळजवळ हेच. इंग्रजी प्रकाशनात ज्याला ॲडव्हान्स म्हणतात ती आपली उचलच. पुढच्या रॉयल्टीतून ती फिटेपर्यंत लेखकाला वरचा पैसा मिळत नाही, आणि पुस्तक पडलं तरी सहसा परत मागत नाहीत. ही उचल एकरकमी येत नाही बरं का. सहीच्या वेळी थोडी, हस्तलिखित दिल्यावर थोडी, पुस्तक बाहेर पडल्यावर उरलेली. म्हणजे आज सौदा झाला तरी शेवटचा हप्ता दीड-दोन वर्षांनी. उसाच्या बिलाची वाट बघितलेल्या जिल्ह्यात हे समजावून सांगावं लागू नये.

फरक दोन ठिकाणी आहे. गुळाचा रवा एकदा विकला की संपला. पुस्तकाचा रवा फोडून फोडून विकता येतो आणि तरी तो सरत नाही. मराठी छापील आवृत्ती वेगळी, इंग्रजी वेगळी, कन्नड वेगळी, ऑडिओ वेगळा, नाटक वेगळं, सिनेमा वेगळा, वेब सीरिज वेगळी. प्रत्येक तुकड्याला वेगळं गिऱ्हाईक. एजंटची अर्धी अक्कल यात असते की अख्खा रवा एकाच्या टोपलीत टाकायचा नाही. 'सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी' या पाच शब्दांत किती लेखकांचं किती गेलं, त्याचा हिशेब कुठंच नाही. माझ्याही हातून गेलंय. पुण्यात एका प्रकाशनगृहात मी बावीस वर्षं हक्कांचं टेबल सांभाळलं. सुरुवातीच्या काळात एका वाहिनीबरोबरच्या करारात 'सर्व माध्यमं' हे शब्द मी तसेच जाऊ दिले, कारण सही व्हायची घाई होती आणि लेखिकेच्या घरी मुलीची फी भरायची होती. पुढे त्याच कथेची ऑडिओ मालिका निघाली. लेखिकेला त्यातून दमडी मिळाली नाही. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, पण दिवाळीला त्या घरी जायचं मीच बंद केलं. ऑडिओ हा तेव्हा कुणाच्या हिशेबातही नसलेला तुकडा होता. स्टोरीटेल हे ऑडिओ पुस्तकांचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं ते इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी घेऊनच, आणि एकदम सगळ्यांना जुने कागद शोधावेसे वाटले.

दुसरा फरक जास्त टोचणारा आहे. अडत्याला शेतकरीही धरून ठेवायचा असतो आणि व्यापारीही, वर्षभर दोघांशी गाठ. एजंट मात्र फक्त लेखकाचा. प्रकाशकाबरोबर तो चहा पिईल, हसेल, सणाला शुभेच्छा देईल, पण पैसा घेईल तो लेखकाच्या वाट्यातूनच. लेखकाला मिळाले तर त्याला, नाहीतर त्यालाही भोपळा. म्हणूनच वाचायची फी, नोंदणी फी, 'मार्केटिंग पॅकेज' मागणारा एजंट दिसला की उठून चालू लागायचं. लेखकाच्या खिशातून आधीच पैसे निघाले की पुस्तक विकायची तळमळ त्याला कशाला राहील?

आणि विकण्याच्या आधी एक काम असतं, ते तुझ्या बाबांकडे नाही, गुऱ्हाळावरच्या गुळव्याकडे आहे. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे त्याला बघून कळतं. मिनिटभर आधी उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर काळा पडतो. एजंटला लेखकाला तोंडावर सांगावं लागतं की सर, अजून पाक झालेला नाही. एका ज्येष्ठ लेखकांना मी शेवटची सत्तर पानं काढायला सांगितली होती. ते दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, त्याच पाकिटात सत्तर पानं कमी केलेलं हस्तलिखित, सोबत चिठ्ठी नाही. हे ज्याला सोसत नाही त्यानं या धंद्यात पडू नये. तुला सोसेल का, हे सरांच्या कादंबरीतलं कुठलं प्रकरण तुला कंटाळवाणं वाटलं ते त्यांना सांगून बघ, म्हणजे लगेच कळेल.

पोटाचं गणित आता मांडते, पाटी-पेन्सिल घे. समजा मराठी कादंबरीची हजाराची आवृत्ती निघाली, किंमत तीनशे, रॉयल्टी दहा टक्के. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर लेखकाला तीस हजार. तुझे पंधरा टक्के म्हणजे साडेचार हजार. आणि हजार प्रती खपायला कधी कधी चार वर्षं लागतात. महिन्याला शंभर रुपयेसुद्धा पडत नाहीत गं. मराठीतल्या मराठीत एजंट का उभे राहिले नाहीत याचं उत्तर इथं आहे. उगाच कुणी संस्कृतीच्या नावानं गळा काढू नये. लेखक-प्रकाशक एकमेकांना ओळखतात, फोन करतात, काम होतं. तिथं तिसऱ्याला जागाही नाही आणि पैसाही नाही. इंग्रजीचं बघ. समजा एका अनुवादित कादंबरीला लाखाची उचल मिळाली आणि लेखक-अनुवादकानं ती निम्मी निम्मी वाटून घेतली. लेखकाच्या पन्नास हजारांवर तुझे साडेसात. असे वर्षाला वीस सौदे केलेस तर दीड लाख. वीस सौदे! मी म्हणते, पहिली तीन वर्षं वर्षाला दोन झाले तर देव पावला समज. तेव्हा क्लास सोडू नकोस. क्लास वाचनाच्या आड येतो अशी तक्रार करशील तर बाबांच्या पेढीवर सकाळचे दोन तास बस, पण महिन्याचं उत्पन्न कुठून तरी येऊ दे. कडकीत असलेल्या एजंटला लेखकासाठी 'नाही' म्हणता येत नाही. पंचवीस हजारही त्याला मोठे वाटायला लागतात.

मग हे करायचं तरी का? तर दार आता कुठं किलकिलं झालंय म्हणून. निपाणीच्या पुढं ज्यांची भाषा सुरू होते त्या कन्नडमध्ये बघ काय झालं. हासनच्या वकील बाई, बानू मुश्ताक. तीसेक वर्षांत लिहिलेल्या कथांमधून बारा निवडल्या, दीपा भास्ती यांनी इंग्रजीत नेल्या, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या एका लहान प्रकाशनानं छापल्या आणि २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर त्यांना मिळाला. त्याआधी २०२२ ला हिंदीच्या गीतांजली श्री आणि डेझी रॉकवेल. बक्षीस पन्नास हजार पौंडांचं, लेखिका आणि अनुवादिका यांच्यात समसमान. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आनंद आहे, आम्हीही पेढे खाल्ले. पण लंडनच्या संपादकाच्या टेबलावर मराठी पुस्तकाची तीस पानं इंग्रजीत जाऊन पडत नाहीत तोवर त्या दर्जाचा तिथं उपयोग शून्य. ती तीस पानं तयार करणारं, योग्य माणसापर्यंत नेणारं आणि सहा महिन्यांनी न चिडता आठवण करणारं कुणी तरी लागतं. शांता गोखले, जेरी पिंटो यांच्यासारख्या अनुवादकांनी मराठीसाठी हे काम आपल्या हौसेनं आणि पदरच्या वेळेनं केलं. एजंट तेच धंदा म्हणून करतो.

कोल्हापुरात बसून? का नाही? जॅकरंडा ही भारतातली पहिली साहित्य-एजन्सी मानली जाते, ती जयप्रिया वासुदेवन यांनी १९९७ मध्ये सुरू केली बेंगळुरूत. मीता कपूर यांची 'सियाही' जयपूरची. जयपूर काही प्रकाशकांचं गाव नव्हे. कनिष्क गुप्ता यांची 'रायटर्स साइड' दिल्लीची, पण त्यांचंही बहुतेक काम ईमेलवरच चालत असणार. प्रवास लागतो, तो वर्षातून दोन-तीनदा. जमलं तर दिल्लीचा विश्व पुस्तक मेळा, पुढे कधी मार्चमधला लंडनचा, ऑक्टोबरमधला फ्रँकफर्टचा. फ्रँकफर्टला मी एकदाच गेले. एजंट आणि स्काउट, म्हणजे प्रकाशकांसाठी पुस्तकं हेरणारे, यांच्यासाठी वेगळं मोठं दालन, ओळीनं टेबलं, अर्ध्या अर्ध्या तासाच्या भेटी. घंटा वाजल्यासारखे लोक उठतात आणि पुढच्या टेबलावर बसतात. आपल्या मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी जेवढा गलका असतो, त्याच्या दहावा हिस्साही तिथं नव्हता, पण नजरा मात्र अगदी त्याच.

उलट कोल्हापूरचा एक फायदा असा आहे की माल इथं आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे, तिथल्या कपाटांत कितीतरी अशी पुस्तकं आहेत ज्यांचा इंग्रजी अनुवाद सोड, पुढची मराठी आवृत्तीही निघालेली नाही. आणि हक्क मरत नाहीत. आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर साठ वर्षं ते वारसांकडे राहतात, आणि ही साठ वर्षं मोजायची ती मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून. वि. स. खांडेकर १९७६ ला गेले, म्हणजे २०३६ च्या अखेरपर्यंत. कोवाडचे रणजित देसाई १९९२ ला गेले, म्हणजे २०५२. हे मोठे, त्यांचं बघणारे असतात. पण गडहिंग्लज, आजरा, कागल, भुदरगड इथल्या लहान लेखकांचे वारस कोण, त्यांच्याकडे कागद आहे का, कुठली भाषा मोकळी आहे, याची नोंद कुणाकडेही नाही. तू एक जाड वही कर. एका पानावर एक पुस्तक. लेखक, साल, प्रकाशक, करार पाहिला की नुसता ऐकला, कुठले तुकडे अजून शाबूत. दोन वर्षांत शंभर पानं भरलीस तर दिल्लीतला एजंट तुला फोन करेल. कादंबरीकार कृष्णात खोत यांना २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांच्या पन्हाळ्याच्या मुलखाबद्दल माहिती विचारणारे दोन फोन मलाच आले होते, आणि मी तर निवृत्त बाई.

आता सरांचा कागद. इथं घाई नको आणि भीडही नको. प्रकाशक 'सगळे हक्क आमचे' म्हणतो, ठीक आहे, दाखवा म्हणावं. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातलं १९ वं कलम तोंडपाठ कर. हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी हवेत आणि देणाऱ्याची सही हवी. तोंडी काही नाही. कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशात, हे त्यात लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत, तर तेवढ्यापुरतं हस्तांतर आपोआप संपतं, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणजे सरांच्या २००९ च्या कागदावर मुदत नसेल तर तो २०१४ लाच निवला. पण त्यात 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' आणि 'सर्व भाषांतरांसह' असं लिहिलेलं निघालं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा एक चांगला वकील गाठायचा. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आल्यापासून कोल्हापुरात वकिलांना काय तोटा! आणि असं निघालं तरी प्रकाशकाशी भांडायला जाऊ नकोस. लहान प्रकाशक बहुतेक वेळा लबाड नसतो, त्याला फक्त भीती असते की आपल्याला कुणी विचारणारच नाही. इंग्रजी आवृत्तीत मूळ प्रकाशक म्हणून नाव आणि थोडा वाटा, एवढ्यावर पुष्कळदा ते सही करतात. पण ते सगळं कागद डोळ्यांनी बघितल्यावर. सरांना 'आठवत नाही' म्हणजे कागद ट्रंकेत आहे. त्यांच्या पिढीनं कागद टाकलेला मी बघितलेला नाही.

वेब सीरिजवाल्यांना कागद मिळेपर्यंत थांबवून ठेव. त्यानंतरही सरळ विक्री नाही. ऑप्शन द्यायचा. म्हणजे वर्ष-दीड वर्ष त्यांनी हे कथानक राखून ठेवायचे पैसे मोजायचे. त्या काळात मालिका उभी राहिली तर आधीच ठरलेली पूर्ण किंमत द्यायची, नाही राहिली तर हक्क सरांकडे परत. वेब सीरिजचे हक्क म्हणजे सिनेमाचे नव्हेत, नाटकाचे नव्हेत, ऑडिओचे तर नव्हेतच. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला ज्या गावात जन्मली, त्या गावातल्या पोरीनं पटकथावाल्यांना घाबरायचं नसतं. पंचवीस हजार ही ऑप्शनची रक्कम असेल तर बोलू, अख्ख्या कादंबरीची असेल तर फोन ठेव.

आता जे सांगते ते तुला आवडणार नाही. सरांच्या या पुस्तकाची एजंट तू होऊ नकोस.

का ते बघ. तू अनुवादिका आहेस, म्हणजे इंग्रजी मजकुराचा कॉपीराइट तुझा, मुखपृष्ठावर नाव तुझं असलं पाहिजे, उचलीतला वाटा तुझा. तो वाटा जेवढा वाढेल तेवढा सरांचा कमी. मग सरांच्या बाजूनं तुझ्याशी घासाघीस करणार कोण? तूच? त्यातून तू त्यांची विद्यार्थिनी, ते तुला नाही म्हणणार नाहीत आणि तू त्यांना मागणार नाहीस. मुंबईवाला तुला तिसऱ्या बाजूला ओढतोय ते वेगळंच. एका सौद्यात तीन बाजूंना उभा राहिलेला अडत्या यार्डात किती दिवस टिकतो, घरी विचार. तेव्हा या वेळी अनुवादाची खुर्ची घे. ती तुझी हक्काची आहे, कष्टाची आहे. दिल्लीच्या प्रकाशकाला सरळ लिही की मी अनुवादिका, लेखकाचे हक्क तपासून दोन महिन्यांत कळवते. आणि सरांसाठी बाहेरचा एजंट बघ, तीन प्रकरणं आणि प्रकाशकाचं उत्तर जोडून दोघा-तिघांना विचार. हातात होकारासारखं पत्र असताना दार लवकर उघडतं. सौदा होताना तू आतून सगळं बघशील. कराराचा मसुदा कसा येतो, कुठल्या कलमावर एजंट लाल रेघ मारतो, पैसे कुणाच्या खात्यातून कुणाकडे जातात. हे शिक्षण तुला कुठला क्लास देणार नाही. तरी शिकायचंच असेल तर कोलकात्याला सीगल स्कूल ऑफ पब्लिशिंग आहे, नॅशनल बुक ट्रस्टचेही प्रकाशनाचे छोटे अभ्यासक्रम असतात. त्याहून बरं म्हणजे एखाद्या प्रकाशनात हक्कांच्या टेबलावर दोन वर्षं काढ. मी तशीच शिकले, पगार घेऊन.

त्यामुळे सरांकडे कमिशन मागायचा तुझा प्रश्न सध्या उरत नाही. पण पुढच्या लेखकाला मागावं लागेलच. ते पुस्तक वाचून झाल्यावर, पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आत माग. चहा झाला की आपण पाहुणे होतो आणि पाहुण्याला पैशाचं बोलता येत नाही. दोन पानी कागद असू दे. कुठली पुस्तकं, किती टक्के, किती वर्षं, नोटीस देऊन दोघांनाही मोकळं कसं होता येईल, आणि पैसे आल्यावर किती दिवसांत पुढे जाणार. लेखकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव, घरखर्चाच्या खात्यात एक दिवसही नको. आणि फुकट कधी करू नकोस, अगदी सरांसारख्यांसाठीसुद्धा. फुकट काम करणाऱ्याला जाब विचारता येत नाही, आणि लेखकाला तुला जाब विचारता आला पाहिजे. दहावीला सरांनी फुकट शिकवलं त्याची फेड करायची असेल तर अनुवाद असा कर की वाचताना गारगोटीचा पाऊस ऐकू यावा.

रविवारी सरांकडे जा, ट्रंक उघडायला लाव. कागद सापडला की दोन्ही बाजूंचे फोटो काढ, पाठीमागे शिक्का आणि तारीख असते ती विसरू नकोस. आणि निघण्याआधी बाबांकडून त्यांच्या पेढीची एक कोरी पट्टी मागून घे. वजन, दर, हमाली, तोलाई, अडत, उचल वजा, निव्वळ देणं, खाली सही. लेखकांना येणारी रॉयल्टीची विवरणं मी पोत्यानं बघितलीत, पण इतकी स्वच्छ त्यातली फार थोडी होती. तुझ्या एजन्सीचा कागद त्याच रकान्यांचा छापून घे. छापायला टाकण्याआधी बाबांना दाखव, ते एखादा रकाना नक्की वाढवतील.